प्लेन स्पॉटिंग म्हणजे काय? मुंबईत विमानांचे फोटो कुठून काढायचे आणि कायदा काय सांगतो?

२२ एप्रिल २०२४ रोजी मुंबई विमानतळावरून एअर इंडियाचं एक बोईंग ७४७ विमान अमेरिकेच्या दिशेने उडालं. या कंपनीच्या ७४७ विमानांपैकी मुंबईतून निघालेलं ते शेवटचं. जमीन सोडल्यावर वैमानिकाने पंख हलकेच डावीकडे-उजवीकडे झुकवले आणि शहराचा निरोप घेतला. १९७१ मध्ये एअर इंडियात दाखल झालेल्या या 'जम्बो जेट'चा अध्याय तिथे संपला. त्या काही सेकंदांचे व्हिडिओ तासाभरात हजारो मोबाइलवर पोहोचले.

असा क्षण टिपायचा तर विमान कधी निघणार, कोणत्या धावपट्टीवरून आणि ते कुठून दिसेल हे आधी माहीत असावं लागतं. हा अभ्यास करून, कॅमेरा घेऊन विमानांची वाट बघणाऱ्यांना 'प्लेन स्पॉटर' म्हणतात. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबमुळे हा छंद भारतातही वाढतोय. पण अनेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो भीतीचा: विमानतळाजवळ कॅमेरा काढला तर पोलीस पकडतील का?

याचं उत्तर एका फरकात आहे. आकाशातून जाणाऱ्या विमानाचा फोटो वेगळा आणि विमानतळाचा फोटो वेगळा. हा फरक कळला की बराचसा गोंधळ मिटतो.

प्लेन स्पॉटिंगची सुरुवात कुठे झाली?

या छंदाची मुळं दुसऱ्या महायुद्धात सापडतात. ब्रिटनमध्ये 'रॉयल ऑब्झर्व्हर कोअर'चे हजारो स्वयंसेवक आकाशावर नजर ठेवून असत. येणारं विमान आपलं की शत्रूचं, हे त्यांना नुसत्या आकारावरून ओळखावं लागे. त्यासाठी विमानांच्या काळ्या छायाकृतींचे तक्ते छापले जात. युद्ध संपलं, पण विमान ओळखण्याची सवय राहिली. पुढे लोक विमानतळाच्या कुंपणाबाहेर वही-पेन्सिल घेऊन बसू लागले आणि विमानांचे नोंदणी क्रमांक टिपू लागले.

आजही स्पॉटर दोन प्रकारचे असतात. काहींना फक्त नोंद हवी असते: कोणतं विमान, कुठे, कधी दिसलं. काहींना फोटो हवा असतो. बहुतेक जण दोन्ही करतात.

मुंबईचं विमानांशी नातं तर फारच जुनं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. भारतातल्या नियमित हवाई सेवेची ती सुरुवात मानली जाते. जुहूचा तो तळ आजही आहे, तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात.

मुंबईत विमानं कोणत्या बाजूने येतात?

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, लांबी सुमारे ३.४ किलोमीटर. तिचं नाव ०९/२७. दुसरी, १४/३२, वायव्य-आग्नेय दिशेने जाते आणि सुमारे २.९ किलोमीटर लांब आहे.

हे आकडे म्हणजे होकायंत्राची दिशा. शेवटचं शून्य गाळून लिहिलेली. धावपट्टी '२७' वर उतरणारं विमान २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून येतं. उलट बाजूने आलं तर तीच धावपट्टी '०९' होते.

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतं आणि उतरतं, कारण समोरून वारा असला की कमी अंतरात काम होतं. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून वर्षातला बहुतेक काळ विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने येऊन २७ वर उतरतात आणि जुहूच्या बाजूने समुद्रावर निघून जातात.

धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यामुळे इथली वाहतूक जवळजवळ एकाच धावपट्टीवर चालते. २४ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबईने २४ तासांत ९६९ विमानांची ये-जा हाताळली होती. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एक विमान. स्पॉटरसाठी याहून चांगलं काय हवं? इथे रिकामं बसावं लागत नाही.

मात्र पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर देखभालीसाठी धावपट्ट्या काही तास बंद ठेवल्या जातात. त्याच्या तारखा विमानतळ आधी जाहीर करतो. मुख्य धावपट्टी बंद असली तर विमानं दुसरीकडे वळतात आणि नेहमीच्या जागेवर थांबून काहीच दिसत नाही. निघण्याआधी एकदा ॲपवर विमानं कुठून येतायत ते बघून घ्या.

कुठे उभं राहायचं?

उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं. म्हणजे दर किलोमीटरला ते सुमारे ५० मीटर खाली उतरतं. धावपट्टीच्या टोकापासून ३ किलोमीटरवर ते जमिनीपासून सुमारे १७० मीटर उंच असतं आणि १ किलोमीटरवर ६५ ते ७० मीटर, म्हणजे एखाद्या २० मजली इमारतीएवढं. किती जवळून बघायचंय हे या हिशोबावरून ठरवता येतं.

कुर्ला-अंधेरी रस्त्यावरचा जरीमरी परिसर २७ च्या उतरण्याच्या मार्गाखाली येतो. इथे विमान डोक्यावरून इतकं खालून जातं की बोलणं ऐकू येत नाही. पण रस्ता अरुंद आहे, रहदारी प्रचंड आहे आणि वस्ती दाट आहे. वर बघत रस्त्याच्या मध्ये उभं राहणं इथला खरा धोका. शिवाय विमानाची चौकट लावताना लोकांची घरं आणि माणसं कॅमेऱ्यात येतात, याचंही भान हवं.

घाटकोपर-कुर्ला पट्ट्यातल्या उंच इमारतींच्या गच्च्या तुलनेने सोयीच्या. विमान बाजूने, जवळजवळ नजरेच्या पातळीवर दिसतं. गच्चीवर जाताना सोसायटीची परवानगी घ्या. कमिटीतल्या कुणाला आधी सांगून ठेवलं तर पुढचे प्रश्न वाचतात.

उडणाऱ्या विमानांसाठी जुहूची चौपाटी सगळ्यात सोपी. सार्वजनिक जागा, मोकळं आकाश, परवानगीचा प्रश्न नाही. विमानं तोपर्यंत बऱ्यापैकी उंच गेलेली असतात, त्यामुळे झूम लेन्स लागते.

उजेड कधी चांगला असतो?

साधा नियम: सूर्य तुमच्या पाठीशी हवा. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून विमानाच्या मार्गाच्या दक्षिणेला उभं राहिलात तर दिवसभरात बहुतेक वेळ विमानाची तुमच्याकडची बाजू उजळलेली दिसते. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला जातो, तेव्हा हे गणित उलटं होतं.

पूर्वेकडून येणाऱ्या विमानाचं नाक समोरून टिपायचं असेल तर सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो आणि विमान काळपट येतं. दुपारी तीननंतर तेच नाक उजळतं. चौपाटीवरही हाच हिशोब. संध्याकाळी पूर्वेकडे बघितलं तर येणारं विमान सोनेरी दिसतं आणि ते डोक्यावरून समुद्राकडे गेलं की मावळत्या सूर्यासमोर त्याची छाया मिळते.

भर दुपारी तापलेल्या डांबरावरून आणि पत्र्यांवरून हवा थरथरते. ही थरथर फोटोत उतरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी विमानाच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्यावर एकच इलाज: लवकर या किंवा उशिरा या.

पावसाळ्यात उजेड कमी असतो, पण एक गोष्ट तेव्हाच छान मिळते. दमट हवेत उतरणाऱ्या विमानाच्या पंखांवर वाफेचा पांढरा थर तयार होतो. पंखावरून जाताना हवेचा दाब आणि तापमान एकदम घटतं, त्यातली वाफ क्षणभर थिजते आणि पंखावर ढग बसल्यासारखा दिसतो.

विमान ओळखायचं कसं?

भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत सगळ्यात जास्त दिसतात ती दोन घराण्यांची विमानं: एअरबस ए३२० आणि बोईंग ७३७. इंडिगोकडे मुख्यतः ए३२० घराण्यातली, तर अकासाकडे ७३७ मॅक्स.

दोन्हींत फरक कसा करायचा? ७३७ चं नाक टोकदार, ए३२० चं गोलसर. ७३७ च्या शेपटीचा उभा पंख जिथे पाठीला मिळतो तिथे एक तिरका कोन दिसतो, ए३२० ला तो नाही. आणि विमान डोक्यावरून जाताना पोटाखाली दोन काळी वर्तुळं दिसली तर ते ७३७. त्याची मुख्य चाकं आत घेतल्यावरही त्यांवर झाकण येत नाही.

मोठ्या विमानांत बोईंग ७७७ च्या मुख्य चाकांचे दोन गट असतात, प्रत्येकात सहा चाकं. ७८७ च्या इंजिनांची मागची कड करवतीसारखी दातेरी आणि पंख वर वाकलेले. ए३५० च्या कॉकपिटच्या काचांभोवती काळी पट्टी असते, चष्मा घातल्यासारखी. ए३८० ओळखायला काही शिकावं लागत नाही. दोन पूर्ण मजले, चार इंजिनं. जुलै २०१४ पासून एमिरेट्सने मुंबईला ए३८० आणायला सुरुवात केली.

लांब पल्ल्याची बरीच विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर ये-जा करतात. त्यामुळे दिवसाच्या उजेडात मोठं विमान मिळालं तर स्पॉटर खूश होतात.

'व्हीटी' म्हणजे काय?

प्रत्येक विमानाच्या मागच्या भागावर त्याचा नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो. भारतीय विमानांचा क्रमांक 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. याचा अर्थ 'व्हाइसरॉय टेरिटरी' असं सांगणारी पोस्ट दर काही महिन्यांनी फिरते. प्रत्यक्षात प्रत्येक देशाला रेडिओ संदेशांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर अक्षरमालिका वाटून दिलेल्या आहेत. भारताच्या वाट्याला आलेल्या मालिकांपैकी एक 'व्हीटीए' ते 'व्हीडब्ल्यूझेड' आहे आणि 'व्हीटी' तिच्यातलंच. हे वाटप इंग्रजांच्या काळातलं आहे, एवढाच त्याचा त्या काळाशी संबंध.

हा क्रमांक म्हणजे त्या एका विमानाची ओळख. 'व्हीटी-ईबीडी' हा क्रमांक एअर इंडियाच्या पहिल्या ७४७ चा, 'एम्परर अशोका'चा. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांत ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यातले २१३ जण गेले. स्पॉटर नोंदणी क्रमांक लिहून ठेवतात ते याचसाठी. मॉडेल एक असलं तरी प्रत्येक विमानाचा इतिहास वेगळा असतो.

विमान येण्याआधीच त्याची माहिती मिळते ती फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवरून. बहुतेक प्रवासी विमानं आपली जागा, उंची आणि ओळख रेडिओ संदेशातून सतत सांगत असतात. जमिनीवरचे छोटे रिसीव्हर ते पकडतात आणि ॲपवर नकाशा तयार होतो. स्वीडनमध्ये २००६ मध्ये विमानांच्या हौशी मंडळींनी सुरू केलेला हा उद्योग आज जगभर वापरला जातो.

मोबाइलवर जमतं का?

जमतं, पण विमान जवळ असेल तरच. लेन्स पुसा. डिजिटल झूम टाळा, त्यापेक्षा नंतर फोटो कापून घ्या. विमानावर बोट दाबून फोकस आणि उजेड स्थिर करा. आकाश उजळ असतं म्हणून मोबाइल फोटो काळा करतो, तेव्हा उजेड थोडा वाढवा.

कॅमेरा असेल तर ३०० किंवा ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स पुरते. जेट विमानासाठी शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर मात्र १/२५० किंवा त्याहून कमी. नाहीतर फिरणारा पंखा जागच्या जागी थांबलेला दिसतो आणि विमान हवेत अडकल्यासारखं वाटतं. ॲपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवलं तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

कायदा काय सांगतो?

'एअरक्राफ्ट रूल्स, १९३७' मधला नियम १३ सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून फोटो काढण्यावर निर्बंध घालतो. त्यासाठी लेखी परवानगी लागते. प्रवाशांना मात्र डीजीसीएने २००४ च्या परिपत्रकाने विमानात बसून फोटो-व्हिडिओ काढायला मुभा दिली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एका विमानात पत्रकारांच्या गर्दीमुळे वाद झाला, तेव्हा डीजीसीएने हेच पुन्हा स्पष्ट केलं. सुरक्षेला बाधा येईल किंवा गोंधळ माजेल असं चित्रीकरण मात्र चालणार नाही.

टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन आणि कस्टमच्या जागी कॅमेरा बाहेर काढू नका. विमानतळाच्या बाहेर, सार्वजनिक जागेवरून आकाशातल्या विमानाचा फोटो काढणं ही वेगळी गोष्ट. पण कॅमेरा कुंपण, गेट, टेहळणी मनोरे, सीआयएसएफच्या चौक्या किंवा गस्तीच्या गाड्यांकडे वळला की तुम्ही विमानाचा नाही, विमानतळाच्या सुरक्षेचा फोटो काढताय. शंका तिथून सुरू होते. कुंपणावर चढणं, भिंतीला टेकून उभं राहणं हेही टाळा.

पोलिसांनी हटकलं तर ओळखपत्र दाखवा, काय करताय ते सांगा, काढलेले फोटो दाखवा. जायला सांगितलं तर वाद न घालता निघा. दुसरी जागा मिळते.

ड्रोनचा विचारही करू नका. विमानतळालगतचा भाग ड्रोनसाठी 'रेड झोन' असतो. मुंबई पोलीसही उतरण्याच्या मार्गाजवळ ड्रोन, लेझर आणि पतंगांवर वेळोवेळी बंदी घालतात. लेझरच्या झोताने वैमानिकाचे डोळे दिपतात, तेही नेमके विमान उतरत असताना.

पुणे आणि गोव्यात वेगळे नियम का?

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे आणि गोव्याचा दाबोळी नौदलाच्या तळावर. तिथे प्रवासी विमानाच्या फोटोत लष्करी विमान किंवा तळाचा भाग सहज येतो. मे २०२५ मध्ये डीजीसीएने संरक्षण दलांच्या तळांवरून, विशेषतः पश्चिम सीमेजवळ, चालणाऱ्या उड्डाणांसाठी आदेश काढला. विमान १०,००० फुटांवर जाईपर्यंत खिडक्या झाकून ठेवायच्या आणि फोटो काढायचे नाहीत. मुंबईत चालतं म्हणून पुण्यात चालेल, असं समजू नका. गोव्यातला मोपा विमानतळ मात्र नागरी आहे.

छंद अंगाशी येऊ शकतो का?

हो, आणि तशी उदाहरणं आहेत. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच स्पॉटरना लष्करी तळाजवळ नोंदी केल्याबद्दल हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षाही सुनावली गेली. अपिलात, वर्ष सरता सरता, ते सुटले.

भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश पर्यटकांना पकडण्यात आलं. त्यांनी धावपट्टी दिसेल अशी खोली मागितली होती. पण प्रकरण अडकलं ते विमानांचे संदेश ऐकणाऱ्या रेडिओ स्कॅनरवर. सुमारे दोन महिन्यांनी, दंड भरून, त्यांना मायदेशी जाता आलं.

असं यंत्र अमेरिकेत दुकानातून घेता येतं, भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा ठरू शकतो. परदेशी स्पॉटरचे व्हिडिओ बघून ऑनलाइन मागवू नका.

पोस्ट करण्याआधी

लष्करी किंवा अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचं विमान दिसलं तर ते लाइव्ह टाकू नका. कुणाच्या घराच्या गच्चीवरून फोटो काढला असेल तर लोकेशन टॅग काढून टाका. तारीख आणि जागा मात्र खरी लिहा. जुना व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरतो तो अशाच अर्धवट माहितीमुळे.

दुर्घटना कॅमेऱ्यात आली तर? १२ जून २०२५ रोजी अहमदाबादमध्ये एअर इंडियाचं ७८७ विमान कोसळलं, त्याचा व्हिडिओ विमानांची आवड असलेल्या एका अल्पवयीन मुलाने काढला होता. पोलिसांनी साक्षीदार म्हणून त्याचा जबाब घेतला. त्याला अटक झाल्याची अफवा पसरली, तेव्हा अटक झालेली नाही असा खुलासा पोलिसांना करावा लागला. असा प्रसंग आला तर मूळ फाइल कापू नका, त्यावर संगीत घालू नका, पुसू तर अजिबात नका. ती आधी पोलिसांना द्या. इन्स्टाग्राम नंतर.

नोंद कशी ठेवायची?

फोटोसोबत सहा गोष्टी लिहा: तारीख, वेळ, जागा, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कंपनी. जमलं तर धावपट्टीही. जेटफोटोजसारख्या संकेतस्थळावर फोटो पाठवायचा तर ही माहिती लागतेच, शिवाय फोटो सरळ, स्पष्ट आणि थरथरीशिवाय हवा.

या नोंदींची किंमत नंतर कळते. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. विस्ताराचं नाव नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विरून गेलं. काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवरून रोज दिसणारे हे रंग आता आकाशात नाहीत. ते आहेत ते तेव्हा कुणीतरी काढून, तारीख लिहून ठेवलेल्या फोटोंमध्ये. आज रोज दिसणाऱ्या विमानांचे फोटोही म्हणूनच काढून ठेवा.